फोनला वेसण

संध्याकाळची वेळ आहे. चुलीवर भाकरी चालली आहे. ओसरीवर आजी बसली आहे. ती नातवाला हाक मारते, "बाळा, तांब्याभर पाणी आण रे."

नातू बाजेवर बसला आहे. त्याच्या हातात फोन आहे. तो "हो" म्हणतो, पण उठत नाही. आजी पुन्हा हाक मारते. नातू पुन्हा "हो" म्हणतो.

सून तव्यावर भाकरी टाकते आणि शेजारी ठेवलेल्या फोनकडे बघते. बघता बघता भाकरी करपते. मुलगा शेतावरून येतो. हातपाय धुतो. तोही फोन घेऊन भिंतीला टेकतो. घरात माणसे चार, पण बोलतो तो फोनच.

असे घर तुम्ही पाहिले असेल. कदाचित ते तुमचेच असेल. या घरात पुढे काय घडले, ते आपण पाहू. पण त्याआधी फोनविषयी थोडे समजून घेऊ.

फोन कामाचा आहे

एक गोष्ट आधीच सांगू. फोन वाईट नाही. लेक सासरी आहे, मुलगा पुण्याला कामाला आहे, त्यांची खुशाली घरबसल्या कळते. बाजारात कांद्याला काय भाव निघाला, ते कळते. पाऊस येणार का, ते कळते. रात्री-अपरात्री कुणाला साप चावला तर १०८ नंबरला फोन करून दवाखान्याची गाडी बोलावता येते. बँकेत पैसे जमा झाले की निरोप येतो.

एवढी कामे करणारा चाकर घरात असावाच. पण चाकराने चाकरासारखे राहावे. तो धन्याच्या जागी बसला, की घराची घडी विसकटते.

पूर्वी फोनला वेसण होती

पूर्वी हा त्रास नव्हता. का नव्हता? माणसे तेव्हा शहाणी होती आणि आता बिघडली, असे नाही. तेव्हा फोन महाग होता.

तुम्हांला एस.टी.डी.चे पिवळे बूथ आठवत असतील. काचेच्या खोलीत माणूस बोलायला उभा राही. समोर यंत्रावर आकडे पळत. आकडा वाढला, की खिशात हात जाई. रात्री दर कमी होत, म्हणून लोक रात्री रांग लावीत. कामाचे दोन शब्द बोलत आणि फोन ठेवत.

आपल्या देशात मोबाईल फोन ३१ जुलै १९९५ या दिवशी सुरू झाला. तेव्हा एका मिनिटाला १६ रुपयांपर्यंत पडत. आपल्याला दुसऱ्याचा फोन आला, तरी पैसे आपल्यालाच पडत. येणारा फोन फुकट झाला तो २००३ साली. तोवर लोक नुसती घंटी वाजवून ठेवून देत. 'पोचलो' एवढाच त्याचा अर्थ.

पुढे फोनवर इंटरनेट आले. २०१६ सालापासून ते फार स्वस्त झाले. एका मिनिटाचा हिशेब करणारा माणूस आता दिवसभर चित्रे पाहू लागला. पैसा हीच फोनची वेसण होती. ती वेसण सुटली. नवी वेसण मात्र कुणी घातली नाही.

ज्याला शेवट नाही

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्या प्रत्येक कामाला शेवट असतो. कीर्तन संपले की आरती होते. तमाशा पहाटे संपतो. आठवड्याचा बाजार दिवस मावळला की उठतो. पुस्तकालाही शेवटचे पान असते. ते आले, की आपण पुस्तक मिटतो.

फोनवरच्या चित्रांना मात्र शेवट नाही. एक संपले की दुसरे आपोआप लागते. बोटाने वर सारावे, की नवे येते. कितीही सारा, तळ लागत नाही.

हे असे का केले आहे? त्यात धंदा आहे. आपण ही चित्रे फुकट पाहतो, असे आपल्याला वाटते. पण मधेमधे जाहिराती येतात. त्या जाहिरातींचे पैसे कंपनीला मिळतात. आपण जितका वेळ पाहू, तितक्या जास्त जाहिराती दिसतात आणि तितके जास्त पैसे तिला मिळतात. म्हणून आपण उठू नये, अशीच सगळी मांडणी केलेली असते. आपल्याला काय आवडते, ते यंत्र टिपून ठेवते आणि तेच पुन्हा पुढे करते.

त्यात दर वेळी चांगलेच येते, असेही नाही. चार फालतू येतात, मग एक मजेचे येते. पुढचे मजेचे असेल, या आशेने बोट चालत राहते. मटक्याचा आकडा लावणारा असाच बसून राहतो. 'आता लागेल, मग लागेल' म्हणत त्याचा दिवस जातो.

म्हणून स्वतःला उगाच दोष देऊ नका. 'माझेच मन कच्चे' असे म्हणू नका. समोरची मांडणीच पक्की आहे. पण एवढे समजले, की उपायही कळतो. ज्याला शेवट नाही, त्याला शेवट आपणच लावायचा.

आजीचा अंगठा

आता त्या घराकडे परत जाऊ.

त्या घरातली आजी साक्षरता वर्गाला जात होती. वय ६८. सारा जन्म तिने अंगठा उठवला होता. वर्गात ती अक्षरे शिकली. पाटीवर नाव गिरवून गिरवून सही शिकली. बँकेत जाऊन तिने आपली सही नोंदवली. त्या दिवशी तिने घरी येऊन गोडाचा शिरा केला.

वर्ग रात्री आठला भरे. एके दिवशी पाऊस होता, म्हणून आजी घरी राहिली. नातवाने तिला फोनवर कीर्तन लावून दिले. आजीला आवडले. दुसऱ्या दिवशीही तिने कीर्तन लावायला सांगितले. एक कीर्तन संपले की दुसरे लागे. वर्गाची ताई दोनदा बोलवायला आली. आजी म्हणाली, "उद्या येते." तो 'उद्या' काही आला नाही. तीन महिने गेले.

मग आजी श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला बँकेत गेली. साहेब म्हणाले, "आजी, इथे सही करा."

आजीने पेन धरले. पहिले अक्षर आले. दुसरे आठवेना. पुन्हा लिहिले. ते वाकडे आले. मागे रांग खोळंबली. साहेब म्हणाले, "ही सही नोंदीतल्या सहीशी जुळत नाही." शेवटी त्यांनी शाईची डबी पुढे केली. आजीने अंगठा उठवला.

घरी येऊन ती मोरीवर बसली आणि अंगठ्याची शाई राखेने घासू लागली. सून म्हणाली, "आत्याबाई, निघंल की हळूहळू."

आजी म्हणाली, "शाई निघंल गं. पण अक्षरं गेली त्याचं काय? मी काय वाईट बघत नव्हते. देवाचंच ऐकत होते. पण वर्गाची वेळ त्यातच गेली."

वाचकहो, आजीचे हे बोलणे फार मोलाचे आहे. फोनवर वाईट पाहिले तरच नुकसान होते, असे नाही. चांगले पाहतानाही दुसऱ्या कामाचा वेळ जातो. नवे शिकलेले अक्षर नव्या रोपासारखे असते. रोज पाणी मिळाले तर ते जगते. फोन सगळे बोलून दाखवतो, चित्राने दाखवतो. वाचायची वेळच येऊ देत नाही. तुम्ही हे पान आज वाचत आहात. ही विद्या तुम्ही कष्टाने मिळवली आहे. ती मोडू देऊ नका.

वेळेचा हिशेब

एक सोपे गणित करू. रोज ३ तास फोन पाहिला, तर वर्षाचे किती तास झाले? ३ गुणिले ३६५, म्हणजे १,०९५ तास. कामाचा दिवस १२ तासांचा धरला, तर हे ९१ दिवस होतात. म्हणजे वर्षातले तीन महिने!

आपल्या फोनचा हिशेब फोनच सांगतो. बहुतेक फोनमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' नावाची जागा असते. दिवसभरात फोन किती वेळ पाहिला, ते तिथे लिहिलेले असते. शिकलेल्या मुलाकडून ती जागा उघडून घ्या. आकडा स्वतः वाचा. आपला अंदाज एक असतो आणि आकडा भलताच निघतो.

शरीराला काय होते?

जवळ धरलेल्या पडद्याकडे टक लावून पाहिले, की पापण्या कमी लवतात. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. म्हणून दर २० मिनिटांनी मान वर करावी. २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे. मान खाली घालून तास न् तास बसल्याने मान आणि खांदेही दुखतात.

अंधार पडला, की शरीर झोपेची तयारी करते. डोळ्यांवर उजेड पडत राहिला, की ती तयारी लांबते. शिवाय 'आणखी एकच पाहतो' म्हणत बारा वाजतात. मग सकाळी अंग जड होते. कामात लक्ष लागत नाही.

लहान मुलांची काळजी जास्त घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे, की दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत बाळाला पडदा दाखवूच नये. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात एका तासापेक्षा जास्त दाखवू नये. त्याहून कमी तितके बरे. बाळ बोलायला शिकते ते माणसाच्या तोंडाकडे बघून. बाळाने घास खावा म्हणून आपण फोन पुढे करतो. त्याने घास जातो खरा, पण काय खाल्ले ते बाळाला कळत नाही. थोड्या मोठ्या मुलांना रोज उघड्यावर, उजेडात खेळू द्यावे. ते त्यांच्या डोळ्यांनाही चांगले.

आणि एक धोका तर जिवाचा आहे. मोटारसायकल, ट्रॅक्टर चालवताना किंवा कडबाकुट्टीत वैरण घालताना फोन पाहू नये. नजर क्षणभर हलली, तर हात जातो, जीवही जातो. गाडी चालवताना हातात फोन धरणे हा कायद्यानेही गुन्हा आहे.

वडगावचा भोंगा

आता एका खऱ्या गावाची हकीकत ऐका. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. वस्ती सुमारे ३,००० माणसांची.

२०२० साली करोनाची साथ आली. शाळा बंद पडल्या. मुलांचा अभ्यास फोनवर सुरू झाला. म्हणून घरोघरी मुलांच्या हातात फोन आले. साथ ओसरली, शाळा उघडल्या, पण हातातला फोन सुटेना. मुले अभ्यासाला बसेनात. मोठी माणसेही टीव्ही आणि फोन यांच्यातच अडकली.

गावाने यावर विचार केला. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांनी पुढाकार घेतला. गावातल्या बायकांची सभा झाली. आशाताई, अंगणवाडीच्या सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघर गेले. लोकांना समजावून सांगितले. ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, गावाने नवी रीत सुरू केली.

ती रीत अशी. संध्याकाळी सात वाजता देवळावरून भोंगा वाजायचा. भोंगा झाला, की घरोघरी टीव्ही आणि फोन बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचे. मोठ्यांनी वाचायचे, एकमेकांशी बोलायचे. साडेआठला दुसरा भोंगा वाजायचा, मग ज्याला पाहिजे त्याने फोन सुरू करायचा. दीड तासाचा हा नेम.

त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्शी या गावानेही ठराव केला. १८ वर्षांच्या आतल्या मुलांनी मोबाईल वापरायचा नाही, असा तो ठराव होता.

दोन गावे, दोन वाटा. एकाने मुलांना बंदी केली. दुसऱ्याने लहानथोर सगळ्यांना एकच वेळ लावून दिली. आम्हांला वडगावची वाट अधिक सोपी वाटते. कारण ती सगळ्यांना सारखी आहे. बापाने फोन बघत बघत मुलाला "फोन ठेव" म्हटले, तर मूल ऐकत नाही. मूल आपले सांगणे कमी ऐकते, वागणे जास्त बघते.

घराने काय ठरवले?

आजीच्या घरातही हीच अडचण आली. आजीची हकीकत ऐकून मुलगा चिडला. नातवाला म्हणाला, "आण तो फोन इकडं! फोडूनच टाकतो."

आजी म्हणाली, "फोडून काय व्हायचं? बैल मोकाट सुटला म्हणून कुणी बैल मारतं का? त्याला वेसण घालतात."

नातू हळूच म्हणाला, "मी ठेवतो फोन. पण बाबांनी पण ठेवला पाहिजे."

मुलगा काही बोलला नाही. सून हसली. म्हणाली, "पोरगं बरोबर बोलतंय. आणि माझापण ठेवा त्यात. रोज भाकरी करपतीय."

त्यांनी कोनाड्यात एक टोपली ठेवली. संध्याकाळी सात ते नऊ सगळे फोन टोपलीत. फोनची घंटी चालू, इंटरनेट बंद. म्हणजे कुणाचा गरजेचा फोन आला तर कळावा, पण चित्रे लागू नयेत. पुण्याच्या मुलालाही सांगून ठेवले, "या वेळात काम असलं तर साधा फोन कर."

पहिले दोन दिवस सगळ्यांना चुकल्यासारखे झाले. हात आपोआप कोनाड्याकडे जाई. तिसऱ्या दिवशी मुलाने फोन उचलला. म्हणाला, "कांद्याचा भाव बघतो नि ठेवतो." भाव दोन मिनिटांत पाहून झाला. पण फोन हातातच राहिला. नातवाने घड्याळ दाखवले. अर्धा तास झाला होता. मुलगा ओशाळला. त्याने फोन टोपलीत टाकला.

त्या दिवसापासून त्यांनी आणखी एक नेम केला. फोन उचलायचा तर कशासाठी, ते मोठ्याने बोलून उचलायचा. काम झाले की ठेवायचा.

आजी आठ वाजता पुन्हा वर्गाला जाऊ लागली. नातू वाटेवर बॅटरी धरून तिला पोचवायला जाई. पुढच्या महिन्यात आजी बँकेत गेली. हात थरथरत होता. सही थोडी तिरकी आली, पण जुळली. साहेबांनी शाईची डबी बाहेर काढली नाही.

आपण काय करावे?

तुम्हीही हे करू शकता. एकदम सगळे नको. यातले दोन नेम धरा आणि महिनाभर पाळा.

१. घरात रोज एक वेळ ठरवा. त्या वेळात सगळ्यांचे फोन एका जागी ठेवा. आधी मोठ्यांनी ठेवावा, मग मुलांना सांगावे.

२. जेवताना फोन नको. बाळाला भरवतानाही नको.

३. झोपण्याआधी तासभर फोन बाजूला ठेवा. तो उशाशी नको, दुसऱ्या खोलीत किंवा लांब कोनाड्यात ठेवा. पहाटे उठायला गजराचे साधे घड्याळ घ्या.

४. फोन सारखा टुणटुण वाजतो. ती बहुतेक टुणटुण बिनकामाची असते. तिला 'नोटिफिकेशन' म्हणतात. ज्यांची गरज नाही, ती बंद करून घ्या. माणसाच्या फोनची घंटी तेवढी चालू ठेवा.

५. चित्रे पाहायचीच असतील, तर आधी वेळ ठरवा. अर्धा तास म्हटले तर अर्धा तास. घड्याळ समोर ठेवा.

६. गाडीवर, यंत्रावर आणि विहिरीच्या काठावर फोन खिशातच राहू द्या.

७. रोज एक पान वाचा आणि चार ओळी लिहा. फोनवरचा निरोपही बोलून पाठवण्याऐवजी अक्षरे जुळवून लिहून पाठवा. म्हणजे फोनच तुमची पाटी होईल.

नेम कधी मोडेल. मोडला तर खचू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा धरा. घरात कुणी आजारी असेल, गाय व्यायला झाली असेल, तर फोन जवळ ठेवावा लागतो. तो ठेवावा. नेम माणसासाठी असतो, माणूस नेमासाठी नसतो. पण एखादे मूल फोन काढून घेतला की जेवण सोडते, शाळा सोडते, अंगावर धावून येते, असे दिसले, तर त्याला मारू नका. त्याला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना दाखवा. त्यात लाज कसली?

मंडळी, आपण गुरे पाळतो, पण गुरांच्या मागे रानोमाळ भटकत नाही. दावे आपल्या हातात असते. फोनचेही तसेच आहे. त्याला वेळेची वेसण घाला. मग तो नीट चालेल, आणि तुमच्या संध्याकाळी तुमच्या घराला परत मिळतील.

विचार करा आणि सांगा

१. पूर्वी लोक फोनवर थोडे का बोलत?
२. फोनवरची चित्रे न संपणारी का केलेली असतात?
३. आजीची अक्षरे का मोडली?
४. वडगावात सात वाजता काय होई?
५. तुमच्या घरात फोन ठेवायची वेळ कोणती असावी? घरच्यांना विचारा आणि उत्तर वहीत लिहा.